ओव्याच्या पानाचा मेसेज : एकेक दावा तपासून

पाऊस सुरू झाला, घरोघरी खोकला शिरला की सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. सोबत जाड, लवदार, कातरलेल्या कडांच्या हिरव्या पानांचा फोटो. मजकूर थोडक्यात असा : हे ओव्याचं झाड, यालाच पुढे ओवा लागतो. रोज सकाळी उपाशीपोटी दहा पानं चावून खा, मुतखडा पंधरा दिवसांत विरघळतो. मधुमेहाच्या गोळ्या सुटतात, संशोधनात सिद्ध झालंय. तान्ह्या बाळाला पानांचा रस मधातून चाटवा, छातीतला कफ सुटतो. काढा करायचा तर लिटरभर पाणी पाव लिटर होईपर्यंत उकळा. कुंडी खिडकीत ठेवली की डास फिरकत नाहीत. आणि शेवटची ओळ : नैसर्गिक आहे, अपाय काहीच नाही.

मुंबईत जागा नसतानाही तगणाऱ्या मोजक्या झाडांपैकी हे एक. चाळीच्या गॅलरीत, ग्रिलला टांगलेल्या डब्यात, अर्ध्या उन्हातही ते वाढतं. भजी उत्तम होतात, घसा धरला तर आरामही वाटतो. या मेसेजमुळे त्याच्याकडून भलतंच काही मागितलं जातं आणि त्यात एखाद्याचं मूत्रपिंड किंवा एखादं तान्हं बाळ धोक्यात येऊ शकतं. म्हणून एकेक दावा घेऊ.

"यालाच पुढे ओवा लागतो." लागत नाही. मसाल्याच्या डब्यातला ओवा ट्रॅकिस्पर्मम अम्मी या वेगळ्याच झाडाचा. ते धणे, जिरं, बडीशेप, शेपू यांच्या कुळातलं. त्याची पानं शेपूसारखी बारीक, फुलं पांढरी आणि छत्रीसारख्या झुपक्यांत. राजस्थान-गुजरातेत थंडीत त्याचं पीक घेतात, पीक निघालं की झाड संपतं. कुंडीतलं जाड पानांचं झाड म्हणजे कोलियस अँबोइनिकस. ते तुळस आणि पुदिन्याच्या कुळातलं, वर्षानुवर्षं टिकणारं. पोर्तुगीज वनस्पतिशास्त्रज्ञ लोरेरो यांनी १७९० मध्ये त्याची नोंद केली. नावातलं 'अँबोइनिकस' इंडोनेशियातल्या अँबॉन बेटावरून आलं. मधली बरीच वर्षं ते प्लेक्ट्रँथस या नावाखाली होतं, त्यामुळे वाचताना दोन्ही नावं भेटतात. कुंडीत त्याला क्वचितच फुलं येतात, ती फिकट जांभळी असतात. त्यातून डब्यातला ओवा कधीच मिळणार नाही.

मग वास सारखा का? थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल या जुळ्या बहिणींसारख्या दोन द्रव्यांमुळे. ओव्याच्या दाण्यात सुगंधी तेल साधारण २ ते ४ टक्के असतं आणि त्यात मोठा वाटा थायमॉलचा. पान रसाळ असतं, त्याच्या वजनात बहुतेक पाणीच, तेल त्या मानानं फार थोडं. म्हणजे पोट फुगल्यावर आपण चिमूटभर ओवा चावतो, त्याच्या बदल्यात 'दोन पानं खाल्ली की तेच' असा हिशेब बसत नाही. स्वयंपाकातही नाही, औषधातही नाही.

"रोज दहा पानांनी मुतखडा विरघळतो." या दाव्याचं मूळ झाडाच्या गुणात नाही, नावात आहे. हिंदी आणि बंगालीत या झाडाला पाथरचूर असंही म्हणतात. दगडाचा चुरा करणारं, म्हणजे खडा फोडणारं, असा अर्थ लावायला वेळ लागत नाही. पण याच अर्थाची नावं निदान तीन वेगवेगळ्या झाडांना आहेत.

पहिलं पाषाणभेद. आयुर्वेदात मूत्रविकारांवर जो पाषाणभेद सांगितलाय, तो आज औषधनिर्मितीत बर्जेनिया या हिमालयातल्या वनस्पतीच्या कंदापासून घेतात. मुंबईच्या ग्रिलमध्ये ती उगवत नाही, आणि औषधात तिचं पान वापरतच नाहीत.

दुसरी पानफुटी. हिंदीतला पत्थरचट्टा म्हणजे बहुतेक वेळा हीच. पान मातीवर टाकलं की कडेच्या खाचांतून पिल्लं फुटतात ती. हिच्यात बुफाडायनोलाइड नावाची द्रव्यं असतात, ती थेट हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. या गटातली झाडं चरून गुरं दगावल्याच्या नोंदी ऑस्ट्रेलियात आहेत. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असलेल्या माणसानं पानफुटीची दहा पानं रोज खाणं हा खरोखरचा धोका आहे. मेसेज मात्र फोटो एका झाडाचा आणि गुण दुसऱ्याचे, असा पुढे सरकत राहतो.

तिसरं माईनमूळ, गुजराती घरांत ज्याच्या मुळांचं गरमर म्हणून लोणचं घालतात ते. हिंदीत यालाही पाथरचूर म्हणतात. हेही कोलियसच, पण वेगळी जात. त्याच्या मुळात फोर्सकोलिन असतं, ते रक्तदाब खाली आणतं. दुकानात 'कोलियस' लिहिलेल्या कॅप्सूल मिळतात त्या याच्या. घरच्या ओव्याच्या पानाशी त्यांचा संबंध नाही. रक्तदाबाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या घेऊ नयेत.

झाड ओळखायचं असं. पान बोटांत हलकं चुरडा. ओव्याचा दणदणीत वास आला पाहिजे. पानावर बारीक लव हवी, स्पर्श मखमली, पानं समोरासमोर जोडीनं आणि कोवळा देठ चौकोनी. पान गुळगुळीत, चकचकीत आणि बिनवासाचं असेल तर ती पानफुटी. लव आहे, चौकोनी देठ आहे, पण वास ओव्याचा नाही, तर ते दुसरंच कोलियस, तोंडात घालू नका. शंका उरली तर सेंट झेवियर्स कॉलेजात ब्लॅटर हर्बेरियम आहे. वनस्पतींचे वाळवलेले नमुने जपणारी ही संस्था १९०६ पासूनची. नर्सरीवाल्याच्या तोंडी नावापेक्षा तिथली ओळख भरवशाची.

आता खड्याबद्दल. सर्वांत जास्त आढळतो तो कॅल्शियम ऑक्झलेटचा खडा. तो कोणत्याही पानानं, काढ्यानं किंवा गोळीनं विरघळत नाही. विरघळवता येतो तो युरिक अॅसिडचा. तोही लघवीची आम्लता कमी करणाऱ्या पोटॅशियम सायट्रेटसारख्या औषधानं, तपासण्या करत करत. मग 'आमच्या शेजारच्यांचा पडला' हे कसं? पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बरेचदा आपसूक पडतात. त्या काळात पाणी जास्त प्यायलं जातं, त्याचीही मदत होते. पानं खाणं आणि खडा पडणं एकाच पंधरवड्यात झालं की श्रेय पानांना जातं.

खरा धोका इथेच आहे. दुखायचं थांबलं म्हणजे खडा गेला असं नाही. तो नळीत अडकून बसला तरी दुखणं ओसरू शकतं, आणि वरचं मूत्रपिंड गुपचूप फुगत जातं. म्हणून सोनोग्राफी पुन्हा करायचीच. खड्याच्या दुखण्यासोबत थंडी वाजून ताप आला किंवा लघवी बंद झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल, पानं-काढे काही नाही. पुन्हा खडा होऊ नये म्हणून दिवसाला अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी लागतं. मुंबईच्या घामात यासाठी तीन-साडेतीन लिटर प्यावं लागू शकतं. (हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पाण्याचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्यावं.) मीठ कमी करावं. लोणचं-पापड हात राखून.

"मधुमेहाच्या गोळ्या सुटतात, संशोधन आहे." संशोधन आहे, हे खरं. पण ते कशावर आहे ते बघा. रक्तातल्या साखरेबद्दलचे प्रयोग मुख्यतः उंदरांवरचे. माणसांवरचं सर्वांत दखल घेण्यासारखं काम तैवानचं. ओव्याच्या पानाच्या आणि मंडूकपर्णीच्या अर्कांचं एक मलम मधुमेही रुग्णांच्या पायांवरच्या न भरणाऱ्या जखमांवर वापरून पाहिलं गेलं. २३६ रुग्ण, १६ आठवडे. मलम लावलेल्यांपैकी ६०.७ टक्क्यांची जखम पूर्ण भरली, नेहमीचं ड्रेसिंग केलेल्यांपैकी ३५.१ टक्क्यांची. ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झालं. हा अभिमानानं सांगावा असाच निकाल आहे. पण त्या प्रयोगात कुणी पानं खाल्ली नव्हती, साखरेच्या गोळ्या सोडल्या नव्हत्या, आणि पानं वाटून जखमेवर थापलीही नव्हती. ठरावीक पद्धतीनं काढलेला, मलमात मिसळलेला अर्क होता तो. घरचं वाटण जखमेवर लावलं तर पानाच्या लवेतली माती आणि पाट्या-मिक्सरवरचे जंतू थेट जखमेत जातात. मधुमेही पायाला त्याची वेदना कळत नाही, आणि कळतं तेव्हा प्रकरण बोट कापण्यापर्यंत गेलेलं असू शकतं. गोळ्या आपल्या मनानं थांबवू नका. पानांची भजी खायला मात्र हरकत नाही, त्यातल्या बेसनाचा आणि तेलाचा हिशेब धरून.

"तान्ह्या बाळाला मधातून रस." या मेसेजमधली ही सर्वांत वाईट ओळ. एक वर्षाखालच्या बाळाला मध द्यायचाच नाही, बोटावरसुद्धा नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंची बीजं असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ती रुजत नाहीत, तान्ह्याच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. आधी शी होईनाशी होते, मग रडणं क्षीण होतं, मान टाकली जाते, दूध ओढता येत नाही. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको, वरचं पाणीही नको. पानांचा तिखट रस घशाला झोंबून ठसका लागला तर तो फुप्फुसात जाऊ शकतो. नाकात थेंब सोडणं त्याहून घातक. तव्यावर गरम केलेलं पान छातीवर किंवा टाळूवर ठेवण्याची पद्धतही सोडा, बाळाची कातडी पातळ असते, चटकन भाजते.

त्याऐवजी श्वास मोजा. बाळ शांत असताना, पोटावरचं झबलं वर करून, घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट. दोन महिन्यांखालच्या बाळाचे ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त श्वास भरले तर तो न्यूमोनिया असू शकतो. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल, बाळ पीत नसेल, सुस्तावलं असेल, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. नाक चोंदलंय, एवढंच असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे थेंब पुरतात.

"लिटरभर पाणी पाव लिटर होईस्तोवर उकळा." हा सल्ला धोक्याचा नाही, पण त्यानं सगळं काम वाया जातं. या पानात जे काही आहे ते मुख्यतः सुगंधी तेलात, आणि हे तेल वाफेबरोबर उडतं. अत्तरवाले फुलांचं तेल याच तत्त्वावर काढतात, पाण्यात उकळून वाफ पकडतात. आपण झाकण न ठेवता पाऊण लिटर पाणी आटवतो, तेव्हा अख्खा मजला ओव्यानं घमघमतो. तो घमघमाट म्हणजेच काढ्यातून निघून गेलेलं औषध. भांड्यात उरतं ते तुरट, काळपट पाणी.

पद्धत अशी करा. मध्यम आकाराची दोन-तीन पानं धुऊन हातानं फाडा. कपभर, म्हणजे २०० मिलि पाण्याला उकळी आणून गॅस बंद करा, मग पानं टाका आणि झाकण घट्ट ठेवा. पाच ते सात मिनिटं. झाकण उचलल्यावर त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब परत कपातच झटका, तेलाचा बराच अंश त्यांत असतो. आल्याचा छोटा तुकडा चालेल. मध घालायचा तर मोठ्यांसाठीच, आणि पेय कोमट झाल्यावर. दिवसातून एक-दोन कप, चार-पाच दिवस. घशाची खवखव कमी होते, नाक थोडं मोकळं वाटतं. सर्दी मात्र आपल्या वेळेनंच, आठ-दहा दिवसांत जाते.

खोकला दोन आठवडे टिकला तर कप बाजूला ठेवा आणि महापालिकेच्या दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. क्षयरोगाची ही तपासणी तिथे मोफत होते. मुंबईत हे मुद्दाम सांगायला हवं, कारण इथे घरगुती काढ्यांवर महिना काढणारी माणसं लोकलच्या डब्यात आणि दहा बाय दहाच्या खोलीत इतरांसोबत श्वास घेत असतात.

"डास फिरकत नाहीत." चुरडलेल्या पानाच्या वासानं क्षणभर फरक पडेल, नुसतं उभं झाड फारसा वास सोडत नाही. उलट कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलं तर डेंग्यूचा एडिस तिथेच अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत डास बाहेर पडतो. आठवड्यातून एकदा ताटली नुसती ओतू नका, काथ्यानं घासा. कडेला चिकटलेली अंडी कोरडी राहूनही महिनोन्महिने जिवंत असतात.

"नैसर्गिक आहे, अपाय नाही." थायमॉल आणि कार्व्हाक्रॉल जंतू मारतात, ते तोंडाच्या आणि जठराच्या अस्तरालाही झोंबतात. रिकाम्या पोटी दहा कच्ची पानं म्हणजे जिभेला बधिरपणा, मळमळ, छातीत जळजळ. गरोदरपणात अन्नातली दोन-चार पानं ठीक, रोजचा रस नको. मांजर-कुत्र्यांना हे झाड सोसत नाही, खाल्लं तर उलट्या-जुलाब होतात. कुंडी त्यांच्या तोंडापासून लांब ठेवा. नर्सरीतून आणलेल्या झाडावर फवारणी झालेली असू शकते. आहेत ती पानं काढून टाका आणि नवी फूट आल्यावर, तीन आठवड्यांनी खायला सुरुवात करा. ग्रिलवर कबुतरं बसत असतील तर त्यांची विष्ठा पानाच्या लवेत अडकते, नुसतं पाण्यात बुचकळून निघत नाही. वाहत्या नळाखाली एकेक पान अंगठ्यानं चोळून दोन्ही बाजूंनी धुवा.

मग या झाडाचं करायचं काय? खायचं. सुमात्रातल्या बटाक लोकांत बाळंतिणीला महिनाभर या पानांचं सूप देतात, म्हणजे तिथेही ते शिजवून, जेवणातच. आपल्याकडे भजी.

पंधरा-वीस पानं, बोटाच्या दोन पेरांएवढी. त्याहून मोठी, जुनी पानं कडू लागतात. देठ अर्धा इंच ठेवा, धरून बुडवायला बरा. पानं धुतल्यावर पंचावर पसरून पूर्ण कोरडी करा. ओली राहिली की पीठ निसटतं आणि तेल अंगावर उडतं. एक वाटी बेसन, दोन चमचे तांदळाचं पीठ, पाव चमचा हळद, अर्धा चमचा तिखट, मीठ, चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. पाणी अर्ध्या वाटीपासून थोडं थोडं घाला. पान उचलल्यावर पीठ त्याला चिकटून राहावं आणि थेंब सावकाश पडावा. पातळ झालं तर भजी तेल पितात, घट्ट झालं तर आतलं पान कच्चट राहतं. पिठात ओवा घालायचा मोह टाळा, पान स्वतःच ओव्याचं आहे, दोन्ही मिळून जीभ चुरचुरते. मध्यम आचेवर तळा. तेल फार तापलं तर वरून लाल होतं आणि आत पानाचा उग्रपणा तसाच राहतो, तो उतरायला दीड-दोन मिनिटं लागतात. पानं चिरून भजी करायची असतील तर मीठ अगदी शेवटी. आधी घातलं की पानं पाणी सोडतात आणि पीठ सैल होतं.

कानडी घरांतली तंबळी त्याहून सोपी, आणि उकाड्यात भाताबरोबर तिच्यासारखं दुसरं नाही. आठ-दहा पानं, अर्धा चमचा जिरं आणि चार मिरे चमचाभर तुपात परता. पानं मऊ पडून रंग शेवाळी झाला, उग्र वास जाऊन तुपाचा वास वर आला की थांबा. गार झाल्यावर पाव वाटी ओल्या खोबऱ्याबरोबर वाटा, दोन वाट्या ताकात कालवा, मीठ घाला, वरून मोहरी-लाल मिरचीची फोडणी. वाटण गरम असताना ताकात घातलं किंवा तंबळी गॅसवर ठेवली तर ताक फुटतं.

पानं सतत मिळायला हवी असतील तर शेंडे खुडत राहा. बोटभर लांबीच्या, तीन-चार पेरांच्या फांदीची खालची पानं काढून ती मातीत खोचली की दोन आठवड्यांत मूळ धरते. पिशवीत मिळणारी लाल माती एकटी वापरू नका, पावसात ती घट्ट बसते, पाणी मुरत नाही आणि खोड बुडाशी काळं पडून सडतं. दोन भाग मातीला एक भाग जाडी वाळू आणि एक भाग शेणखत घ्या. जुलैत कुंडी छपराखाली सरकवा, माती वरून इंचभर सुकल्याशिवाय पाणी नको. देठ लांबुडके आणि पानं मोठी, पातळ, वासाला फिकी यायला लागली तर ऊन कमी पडतंय. चार तास थेट ऊन मिळेल अशा ग्रिलवर हलवा, पुढची फूट पुन्हा जाड आणि घमघमती येते.